स्वस्ताईची साले

1929 ते 1935 या जागतिक मंदीच्या वर्षांना मराठी घरांतल्या आठवणीत वेगळेच नाव आहे: स्वस्ताई. रुपयाला किती शेर गहू आणि किती पायल्या ज्वारी, हे कौतुकाने सांगितले जाते. आठवण खोटी नाही, पण ती विकत घेऊन खाणाऱ्याची आहे. पिकवून विकणाऱ्याला त्याच भावाने देशोधडीला लावले. भिवापूरच्या पट्ट्यात विकत घेऊन खाणारे मोजके होते: शाळामास्तर, पटवारी, पोलीस, पोस्टातला बाबू. सरकारने 1931 च्या अखेरीस नोकरांचे पगार 10 टक्क्यांनी कापले, तरीही हा वर्ग सुखात राहिला, कारण बाजार पगारापेक्षा कितीतरी जास्त उतरला होता.

भिवापूर तेव्हा उमरेड तहसिलीत होते आणि मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडाचा. बंगाल-नागपूर रेल्वेची नागपूर-नागभीड ही अरुंद रूळमार्गाची गाडी 1908 पासून इथून धावत होती. तिच्यामुळे या भागातला गहू, जवस आणि कापूस नागपूरमार्गे दूरच्या बंदरांपर्यंत पोचू लागला. वाहतूक सोपी झाली, पण भावही त्याच रुळांवरून येऊ लागला. जवसाचे तेल विलायतेतल्या रंगांच्या कारखान्यांना लागे. आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान. गव्हाची गत तर विचित्र झाली. ऑस्ट्रेलियाचा गहू जहाजाने कलकत्त्याला येऊन देशी गव्हाला पाडू लागला, तेव्हा 1931 मध्ये सरकारला आयातीवर जकात बसवावी लागली. उमरेडच्या काळ्या मातीतल्या शेतकऱ्याची स्पर्धा समुद्रापलीकडच्या शेतकऱ्याशी लागली होती आणि त्याला त्याची खबरही नव्हती.

ऑक्टोबर 1929 मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. शेतमालाचे भाव त्याआधीच नरम होते, आता ते घसरत गेले. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक (जुलै 1914 चा भाव 100 धरून) 1929 मध्ये 141 होता, 1933 मध्ये तो 87 वर आला. ही सगळ्या मालाची सरासरी. शेतमाल त्याहूनही खाली गेला. त्यात 1933 च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानने परदेशी कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली, तेव्हा चिडलेल्या जपानने काही महिने इथला कापूस घेणेच बंद केले. गिरण्यांना संरक्षण मिळाले, त्याची किंमत पऱ्हाटी लावणाऱ्याने मोजली.

भाव पडला तरी पोट भरण्यापुरते पीक घरात होतेच, मग हाल कसले? इथेच मंदी आणि दुष्काळ यांतला फरक कळतो. छपन्याच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, धान्यच नव्हते. 1931 मध्ये धान्य होते, रोकड नव्हती. आणि सारा रोकडीत भरायचा. मालगुजारी मुलखात कूळ मालगुजाराला देई आणि मालगुजार सरकारला. दोघांचीही रक्कम चढत्या भावाच्या दिवसांत ठरलेली, किस्तीची तारीखही ठरलेली. पूर्वी एक पोते विकून जी रक्कम उभी राही, तिला आता दोन पोती लागू लागली. पीक तेवढेच, बाजारात जाणारा वाटा दुप्पट, म्हणजे घरात उरणारा वाटा कमी. गांधीजींनी जानेवारी 1930 मध्ये सरकारपुढे जी अकरा कलमे ठेवली, त्यांत शेतसारा निम्मा करण्याची आणि रुपयाचा भाव 1 शिलिंग 6 पेन्सांवरून 1 शिलिंग 4 पेन्सांवर आणण्याची मागणी होती, ती यासाठीच. महाग रुपयामुळे परदेशात विकलेल्या मालाचे इथे कमी रुपये हाती येत. सरकारने दोन्ही मागण्या मानल्या नाहीत.

कर्जाचेही तेच झाले. कागदावर शंभराची रक्कम शंभरच दिसे, पण ती फेडायला पूर्वीच्या दुप्पट माल द्यावा लागे. व्याज त्यावर वेगळे. बियाण्यासाठी घेतलेले धान्य सवाईने किंवा दिढीने परत करायचे. म्हणजे मृगाला नेलेल्या चार पायल्या सुगीत पाच किंवा सहा होऊन जात. सावकाराला खलनायक ठरवून हे प्रकरण मिटत नाही. त्याचेही पैसे अडकले, कित्येक मालगुजार स्वतःच कर्जात बुडाले. जमीन मात्र एकाच दिशेने सरकत राहिली.

घरखर्चाची ओढाताण बाईच्या वाट्याला आली. विकायचे ते स्वस्त झाले, रोखीने आणायचे काही जिन्नस महागले. सप्टेंबर 1931 च्या आणीबाणीच्या अंदाजपत्रकात करांवर पंचवीस टक्के अधिभार बसला. त्यातून मीठही सुटले नाही आणि घासलेटही. पोस्टकार्ड दोन पैशांवरून तीन पैशांवर गेले. दिवा लवकर विझवणे, मीठ जपून टाकणे अशी काटकसर याच हिशेबातून येई. गरिबाच्या पाटीत लाखोळीची डाळ असे. ही डाळ धानाच्या बांधीत फारशी मेहनत न घेता येते, पण महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. जंगलाच्या कडेला मोहफूल वाळवून ठेवत, पावसाळ्यात तरोट्याची भाजी असे. जंगलावर मात्र सरकारचा पहारा होता. चराईचे, गवताचे, जळणाचे पैसे पडत. लोकनायक बापूजी अणे यांनी 10 जुलै 1930 ला पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. ही चळवळ वऱ्हाड आणि मध्यप्रांतात भराभर पसरली, त्यामागे स्वराज्याइतकीच ही अडचणही होती.

मग दागिन्यांवर पाळी आली, आणि इथे नशिबाने गरिबाची खास थट्टा केली. सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडले, आणि पौंडाशी बांधलेला रुपयाही सोन्याच्या तुलनेत उतरला. त्याआधी तोळ्याचा कायदेशीर दर 21 रुपये 3 आणे 10 पै होता. काही महिन्यांतच बाजारात तो तिशीच्या आसपास गेला. गावोगावचे सोने सराफांकडे आणि तिथून मुंबईच्या बंदरात पोचले. मार्च 1932 पर्यंतच पन्नास कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. पुतळ्यांची माळ किंवा पाटल्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांना निदान बरा भाव मिळाला. पण कुळाच्या आणि मजुराच्या घरात सोने कुठले? तिथे चांदीचे गोट, वाळे, तोरड्या. जगाच्या बाजारात चांदी 1929 ते 1931 या काळात जवळजवळ निम्म्यावर आली होती. श्रीमंताची ठेव वाढली तेव्हाच गरिबाची वितळली.

पाडव्याला ज्याचे वर्ष ठरते त्या सालगड्याचे दुखणे वेगळे. धान्याच्या रूपात मिळणाऱ्या मजुरीला पडलेल्या भावाचा फटका बसत नाही, पण मालकच हात आखडू लागला की ठेवणारा मिळत नाही. उमरेडच्या कोष्ट्यांच्या रेशीमकाठी धोतरांना नाव होते. सूत स्वस्त झाले, पण धोतर घेणाऱ्याच्या कनवटीला पैसा नव्हता. नागपूरला गिरणीत जावे तर तिथेही कपात चालू होती, 1934 मध्ये त्यावरून संप झाले.

सरकार जागे झाले ते 1933 मध्ये. मध्यप्रांताचा कर्जसमेट कायदा त्या वर्षी झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. समेट मंडळापुढे सावकार आणि कर्जदार बसत, मूळ रकमेत सूट ठरे आणि उरलेल्याचे हप्ते पडत. 1934 मध्ये सावकारीवर नियंत्रण आणणारा कायदाही आला. दोन्हींचा उपयोग झाला, पण उशिरा आणि अर्धवट: जुने कर्ज हलके झाले, नवे मिळेनासे झाले, आणि सहकारी पतपेढ्या स्वतःच थकबाकीत असल्याने सावकाराची जागा घ्यायला कोणी उरले नाही. गेलेली जमीन परत देण्याची सोय या समेटात नव्हती.

1939 मध्ये युद्ध लागले आणि भाव पुन्हा चढले. मालगुजारी आणखी बारा वर्षे टिकली, 31 मार्च 1951 ला ती संपली. भिवापूर, उमरेड भागातल्या ज्या घरांत त्या काळची गहाणखते, किस्तीच्या पावत्या किंवा सावकाराच्या वह्या माळ्यावर पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. वर्ष 1930 ते 1935 मधले असेल, तर रकमेशेजारी त्या सालचा ज्वारीचा भाव लिहून ठेवावा.