कारभारी कोण निवडावा?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला यंत्राचे वावडे असते, हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की पुष्कळदा तो विद्यार्थीही तो खरा मानून चालतो. निबंध, प्रकल्प, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, सारे त्याला संगणकावर करावे लागते. पण त्या संगणकाविषयी स्वतःचे काही मत असावे, असे त्याला वाटत नाही. ते काम विज्ञानवाल्यांचे! थोरल्या भावाने वापरून दिलेला लॅपटॉप, त्यात आधीपासून जे असेल ते, आणि अडलेच तर नाक्यावरचा दुरुस्तीवाला, एवढ्यावर आपले भागते. माझे म्हणणे असे की हा प्रश्न विज्ञानाचा नाहीच, तो निवडीचा आहे. आणि तारतम्याने निवड करणे, हेच तर आपल्या शाखेचे शिक्षण.

संगणकाची चालक प्रणाली, म्हणजे ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती, जुन्या वाड्यातल्या कारभाऱ्यासारखी असते. किल्ल्या त्याच्या कमरेला. कोणाला आत घ्यायचे, कोणती चीजवस्तू कोणत्या फडताळात ठेवायची, पाणी कोणाला किती सोडायचे, हे सारे तो पाहतो. मालक आपण, पण त्याच्यावाचून पान हलत नाही. असा कारभारी एके दिवशी म्हणाला, "तुमचा वाडा आता जुना झाला, नवा बांधा, नाहीतर मी निघालो," तर मालकाने काय करावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. नावनोंदणी करणाऱ्यांना पुढे काही काळाची सवलत देऊ केली, पण ती सवलतच. विंडोज ११ घ्यावी, तर ती प्रत्येक यंत्राला चालत नाही. यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, प्रोसेसर ठरावीक पिढीचा हवा. म्हणजे पडदा शाबूत, कळफलक शाबूत, टंकलेखनाला उत्तम असे यंत्र केवळ या अटींमुळे निकालात निघते. ज्यांच्या घरी नवे यंत्र घेणे ही किरकोळ बाब आहे, त्यांनी हा लेख येथेच सोडला तरी चालेल. पण ज्याच्या वडिलांनी एका हंगामाच्या पैशांतून वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला, त्याने काय करावे?

त्याच्यापुढे सहसा दोन वाटा ठेवल्या जातात. एक, आहे तसेच चालू द्यावे आणि सुरक्षेचा विचार सोडून द्यावा. दुसरी, कोणाकडून तरी चोरीची प्रत बसवून घ्यावी. ही दुसरी वाट इतकी मळलेली आहे की ती चोरी आहे, हेही आता कोणाला जाणवत नाही. वाङ्मयचौर्य म्हणजे काय, हे वर्गात आपण तावातावाने बोलतो, आणि त्या विषयावरचा निबंध मात्र चोरीच्या कारभाऱ्याकडून लिहून घेतो! ही विसंगती मला बोचते.

तिसरी वाट आहे, आणि ती आजची नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची प्रणाली कोणालाही वापरता यावी, तिची रचना अभ्यासता यावी, ती बदलता यावी आणि दुसऱ्यास देता यावी, हा त्यामागचा आग्रह. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने एका प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. पुढे तो ग्नूच्या परवान्याखाली आला, आणि 'लिनक्स' नावाने जगभर गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्या तृतीय वर्षाच्या वर्गात शोभला असता!

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरावा लागतो, म्हणून या चळवळीतल्यांना सतत खुलासे करीत बसावे लागते. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. लिनक्सच्या बहुतेक प्रणाली फुकट मिळतात हे खरे, पण त्यांचे मोल त्या मुक्त आहेत यात आहे. हा कारभारी उद्या रुसून निघून गेला, तरी त्याची वही उघडी असते. ती वाचून दुसरा कोणी काम पुढे चालवू शकतो.

आता खरी अडचण. लिनक्स घ्यावी म्हटले, तर कोणती? उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, झोरिन अशी नावे शेकड्यांनी आहेत. ज्याला विचारावे तो आपलीच थोर म्हणतो. हा बारभाईचा कारभार पाहून नवखा माणूस दारातूनच परततो. जाणकारांच्या वादात त्याने पडूच नये. सर्वांत जलद कोणती, सर्वांत नवी कोणती, हे प्रश्न त्याचे नव्हेत. त्याचे प्रश्न तीनच: माझ्या यंत्रावर ती चालेल का? मला तिच्यात मराठी लिहिता येईल का? आणि अडलो तर विचारायला जवळ कोणी आहे का? माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत मोठा, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

पहिल्या दोन प्रश्नांपुरते मी माझे मत स्पष्टच सांगतो: नवशिक्याने लिनक्स मिंट घ्यावी. २००६ साली सुरू झालेली ही प्रणाली मुख्यतः उबुंटूच्या पायावर उभी आहे. उबुंटूच्या दर दोन वर्षांनी निघणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर ती बेतलेली असल्याने सुधारणा पाच वर्षे मिळत राहतात. खाली पट्टी, कोपऱ्यात यादी, ही तिची मांडणी विंडोज हाताळलेल्यास परकी वाटत नाही. एमएस-सीआयटी करून आलेल्या विद्यार्थ्याचा हात तासाभरात बसावा. दोन जीबी स्मृतीवरही ती चालते, चार असल्यास बरे. यंत्र फारच थकलेले असेल तर तिची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी. मात्र ३२ बिटांच्या अतिजुन्या यंत्रांना तिची मुख्य आवृत्ती चालत नाही, हे आधी पाहून घ्यावे.

शिवाय बसवण्यापूर्वी ती चाखून पाहता येते. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर तिची प्रत उतरवावी आणि त्यावरूनच संगणक सुरू करावा. आतल्या डिस्कला धक्का न लावता सारी प्रणाली समोर उभी राहते. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे पाहावे. नाही पटले तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा; वाडा पूर्वीसारखाच. पटले, तर आपल्या साऱ्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.

मराठीचे काय? कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट पद्धतीने लिहिता येते. उच्चाराप्रमाणे लिहिण्याचीही सोय आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे टंक याच मुक्त परंपरेतले आहेत. अडचण येते ती आपल्याच जुन्या सवयीची. छापखान्यांतून अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या टंकांत मजकूर जुळवला जातो, आणि तो टंक नसलेल्या यंत्रावर तो उघडला की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. हा दोष लिनक्सचा नव्हे. विंडोजवरही तसेच होते. युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी मजकूर मात्र कोणत्याही कारभाऱ्याला वाचता येतो. आपण तो आग्रह धरला पाहिजे.

आक्षेपही खरे आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. लिब्रेऑफिसमध्ये लेखनाचे काम उत्तम होते, पण वर्डमध्ये नटवून-सजवून केलेली फाइल कधी कधी विस्कटते. पेजमेकर, फोटोशॉप यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांनी विंडोज सोडू नये. दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर शेजारी शेजारी ठेवता येतात. मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एसपीएसएसच्या जागी पीएसपीपी किंवा 'आर' शिकावे लागेल. आणि नव्या लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचे पैसे बहुधा आधीच गेलेले असतात, तेव्हा तेथे पैशांची बचत होईल असे मी म्हणणार नाही.

राहिला तिसरा प्रश्न, शेजाऱ्याचा. केरळात सरकारी शाळांतून गेली कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर शिकवले जाते. तेथील 'काईट' ही संस्था उबुंटूवर आधारलेली, मल्याळमची सोय केलेली प्रणाली शाळांना पुरवते. तेथली मुले जन्मतःच संगणकपंडित असतात असे नाही. सर्वांकडे एकच प्रणाली असल्याने एकाला कळलेले दहांना कळते, एवढेच. विंडोज आपल्याला सोपी वाटते तीही पुष्कळशी याच कारणाने. शेजारच्या खोलीत ती जाणणारा कोणीतरी असतोच. सोपेपणा केवळ यंत्रात नसतो, तो माणसांतही असतो.

म्हणून मिंट हे माझे उत्तर असले तरी त्याहून मोठी सूचना ही: महाविद्यालयात सर्वांनी मिळून एकच मुक्त प्रणाली ठरवावी. मिंट नको, उबुंटू हवी, असे बहुमत झाले तर माझी हरकत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या असे होऊ नये, एवढेच. ग्रंथालयातल्या एखाद्या संगणकावर ती बसवावी. राष्ट्रीय सेवा योजनेने रक्तदानाच्या शिबिराप्रमाणे वर्षातून एक दिवस जुन्या लॅपटॉपांसाठी राखावा. ज्याला येते त्याने दुसऱ्याला बसवून द्यावे, आणि त्या दुसऱ्याने पुढच्या वर्षी तिसऱ्याला. ज्ञान दिल्याने वाढते, हे वाक्य आपण शाळेपासून फळ्यावर लिहीत आलो. ज्याच्या परवान्यातच ते लिहिलेले आहे, असा कारभारी आयता मिळत असताना त्याला दाराबाहेर का ताटकळत ठेवावे?