भोग्याचे घर आणि स्वतःचे घर

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात, देवराज अरस रस्ता आणि सय्याजीराव रस्ता यांच्या आसपासच्या गल्ल्यांत, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी जी जुनी घरे अजून उभी आहेत, त्यांतील कित्येक घरे भाड्याने नव्हे, तर भोग्याला दिली जातात. मुंबईकर वाचक ज्याला ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात आणि आमच्याकडील तरुण मंडळी ज्याला नुसते ‘लीज’ म्हणतात, तोच हा व्यवहार. बिऱ्हाडकरूने घरमालकाच्या हाती एक ठोक रक्कम ठेवायची, ठरलेल्या मुदतीत, बहुधा दोन-तीन वर्षे, भाडे न देता राहायचे, आणि मुदत सरली की मालकाने मुद्दल जशीच्या तशी परत करून घराचा ताबा घ्यायचा. ना याला भाडे, ना त्याला व्याज.

पहिले घर घेण्याच्या उमेदीने पैसा साठवणाऱ्या गृहस्थाला आज जो भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, की बाजार चढणार की उतरणार. आणि या प्रश्नाचे उत्तर खात्रीने देणारे लोक जितके अधिक भेटतात, तितका तो बिचारा अधिक गोंधळतो. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. घराची किंमत कोणाच्याच स्वाधीन नाही. परंतु पै-पै करून जमवलेली पुंजी या क्षणी कोणाच्या हाती आहे, कोणत्या दस्तऐवजाच्या आधाराने आहे, आणि मागितल्या दिवशी ती परत मिळेल की नाही, हे मात्र साठवणाऱ्याने आधी पाहण्याजोगे आहे, आणि आमच्या मोहल्ल्यात नेमके तेच पाहिले जात नाही. म्हणूनच हा विषय या सदरात घेतला आहे.

भोग्याचा मोह का पडतो, हे आकड्यांनी सांगतो. समजा, एका घराचे भाडे महिना आठ हजार आहे आणि तेच घर आठ लाखांच्या भोग्याला मिळते आहे. भाडे वाचले, म्हणजे वर्षाला ९६ हजार वाचले. हेच आठ लाख बँकेत मुदतठेवीत सात टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला ५६ हजार व्याज आले असते. म्हणजे भोग्यापासून होणारा खरा लाभ वर्षाकाठी ४० हजारांचा. तो लहान नाही; मुलाच्या शाळेची फी त्यातून निघते. पण या ४० हजारांसाठी आपण आठ लाख रुपये अशा एका माणसाच्या हवाली करतो, ज्याच्या देण्याघेण्याची आपल्याला काडीचीही माहिती नसते. बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; घरमालकाच्या शब्दाला ते नाही.

माझ्या परिचयातील एक जोडपे आहे. तो एका कारखान्यात कामाला, ती शाळेत शिक्षिका, घरात मराठी बोलणारे आणि म्हैसुरात चौथ्या पिढीचे. लग्नातले सोने मोडून आणि पगारातून शिल्लक टाकून त्यांनी आठ लाख उभे केले, भोग्याचे घर घेतले, आणि तीन वर्षांत भाड्याचे जे वाचले ते वेगळे साठवून एका लहानशा फ्लॅटसाठी विसार दिला. उरलेली रक्कम भरण्याची मुदत भोग्याची मुदत संपण्याच्या सुमारास बांधून घेतली होती, आणि त्यात कोणालाही चूक दिसली नसती. परंतु मालकाने त्यांचे आठ लाख मुलीच्या लग्नात खर्चले होते, आणि पुढचा भोग्यदार येईल तेव्हा त्याच्याकडून घेऊन यांना देऊ, असा त्याचा हिशेब होता. तो माणूस लबाड नव्हे. या व्यवहारात बहुतेक मालक असेच करतात. पुढचा भोग्यदार मात्र वेळेवर आला नाही. फ्लॅट गेला, विसार बुडाला. ती मला म्हणाली, ‘‘काका, किंमत वाढली म्हणून घर हुकलं असतं तर मनाची समजूत घातली असती, पण आमचेच पैसे आम्हाला वेळेवर मिळाले नाहीत.’’

कायद्याने पाहू जाता, भोग्य हे ताबेगहाण आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५८ व्या कलमात त्याचे स्वरूप स्पष्ट सांगितले आहे: कर्ज देणाऱ्याने मालमत्तेचा ताबा घ्यावा आणि तिचे उत्पन्न व्याजाऐवजी किंवा मुद्दलाच्या फेडीत भोगावे. त्याच कायद्याचे ५९ वे कलम असेही सांगते, की शंभर रुपयांच्या वरचे असे गहाण नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. असे असूनही आमच्याकडील भोग्यपत्रे बहुधा साध्या मुद्रांकावर अकरा महिन्यांची, किंवा नोंदणीवाचून तीन वर्षांची, लिहिली जातात. परिणाम असा, की रक्कम गहाणाच्या आधाराची न राहता हातउसन्या पैशासारखी मागावी लागते. आणि मालकाने ते घर बँकेकडे आधीच तारण ठेवलेले असले व २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक जप्तीला आली, तर तारणानंतर नोंदणीवाचून आत आलेल्या बिऱ्हाडकरूच्या पाठीशी फार थोडे उरते. घरावरील बोजाचा दाखला, ज्याला इथे सगळे ‘ईसी’ म्हणतात, तो आता सरकारच्या कावेरी या संगणकीय व्यवस्थेतून घरबसल्या काढता येतो. तरी भोग्याला पैसे मोजणाऱ्या दहांतील किती जण तो काढत असतील, याची मला चिंता वाटते.

सामान्य माणसाला भरवशाचे घर मिळवून देण्याचा प्रश्न या शहराला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगाने म्हैसूर हवालदिल झाले, दाटीवाटीच्या मोहल्ल्यांतून वस्ती बाहेर काढणे भाग पडले, आणि संस्थानचे प्लेग कमिशनर म्हणून हे अप्रिय काम अंगावर घेणारे व्ही. पी. माधवराव, जे पुढे १९०६ ते १९०९ या काळात दिवाण झाले, ते कुंभकोणमच्या मराठी देशस्थ कुळातले. १९०३ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि मोकळी जमीन आखून, रस्ते-गटारे करून, नागरिकांना जागा देण्याचे काम एका सार्वजनिक संस्थेने हाती घेतले. चामराजपुरम, लक्ष्मीपुरमसारखे रुंद रस्त्यांचे भाग त्या काळच्या दूरदृष्टीची साक्ष देतात. १९०९ साली बंगळुरात गृहनिर्माणाची सहकारी संस्था निघाली, जी देशातील अशा संस्थांत पहिली मानली जाते. आपल्या मुंबईतील गावदेवीची सारस्वत सोसायटी त्यानंतरची, १९१५ ची. एकट्याच्या पुंजीला जे बळ नाही ते अनेकांच्या पुंजीला नियमांच्या चौकटीत यावे, हा त्यामागचा उदात्त विचार होता. पुढे तीही चौकट सैल झाली. १९८० च्या दशकात बंगळुरातील गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी सरकारला जी. व्ही. के. राव यांना नेमावे लागले, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील एका मोठ्या संस्थेसाठी झालेले भूसंपादन, त्यात शिरलेल्या मध्यस्थाच्या करारामुळे, अवैध ठरवले. ज्यांनी साईटसाठी वर्षानुवर्षे हप्ते भरले, त्या सभासदांना भाव चढला की उतरला याचे काय सोयरसुतक उरले असेल?

आता ज्याला प्रत्यक्ष घर घ्यायचे आहे त्याने किती रक्कम हाताशी ठेवावी, याविषयी थोडे. पन्नास लाखांचे घर धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तीस लाखांवरील कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक देऊ शकत नाही. म्हणजे दहा लाख स्वतःचे. मुद्रांकशुल्क आणि नोंदणीफी या हिशेबात धरली जात नाही, ती निराळी. कर्नाटकात पंचेचाळीस लाखांवरील घराला पाच टक्के मुद्रांकशुल्क, त्यावर उपकर आणि अधिभार, आणि नोंदणीफी, जी ३१ ऑगस्ट २०२५ पासून एक टक्क्याची दोन टक्के झाली. हे सारे मिळून पावणेचार लाखांच्या वर जाते. दहा लाख जमले की घर आले, असे समजून बयाणा देणारे कुटुंब शेवटच्या महिन्यात या चार लाखांसाठी सावकाराच्या दारी जाते, हे मी पाहिले आहे. कर्जाच्या हप्त्याचेही तसेच. २०२० च्या मे महिन्यात चार टक्क्यांवर असलेला रेपो दर २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसहावर गेला, आणि नंतर पुन्हा उतरू लागला. चाळीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाला पावणेसात टक्क्यांनी महिना सुमारे ३०,४०० रुपये पडतात, सव्वानऊ टक्क्यांनी सुमारे ३६,६००. उत्पन्न तेच असताना महिन्याला सहा हजारांहून अधिक वाढ ज्याच्या संसाराला सोसेल, त्यानेच त्या कर्जावर सही करावी. ज्याला सोसणार नाही, त्याने लहान घर पाहावे किंवा आणखी दोन वर्षे थांबावे, आणि थांबण्यात कमीपणा मानू नये.

थांबलेला पैसा कुठे असावा? ज्यांना दर महिन्याला बळजबरीने शिल्लक टाकल्याशिवाय जमत नाही, त्यांच्यासाठी चीटी, म्हणजे आपली भिशी, वाईट नाही. पण ती १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली असावी. राज्य सरकारच्या मालकीची एमएसआयएल ही कंपनी स्वतः चीटी चालवते, तिथे जावे. शेजारणीच्या वहीतील चीटीत घराचा पैसा घालू नये, मग शेजारीण कितीही सज्जन असो.

भोग्य बंद करावे असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याला बँक कर्ज देत नाही अशा मालकाला आणि ज्याला दरमहा भाडे झेपत नाही अशा बिऱ्हाडकरूला तो जुना आधार आहे. माझे मागणे सरकारकडे आहे. ताबेगहाणाच्या दस्तावर पडणारे मुद्रांकशुल्क जड आहे म्हणूनच लोक नोंदणी टाळतात. तेव्हा दहा लाखांपर्यंतच्या, स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या भोग्याला नाममात्र शुल्क ठरवावे, त्याची नोंद घराच्या बोजाच्या दाखल्यावर आपोआप यावी, आणि मुदतीअखेर रक्कम न मिळाल्यास उपनिबंधक कचेरीच्या दाखल्यावर वसुलीचा अर्ज करता यावा. विधानसभेच्या पुढील अधिवेशनात आमच्या भागाच्या आमदारांनी हा प्रश्न मांडावा, असे पत्र मोहल्ल्यातील काही जणांच्या सह्यांनिशी आम्ही या आठवड्यात देत आहोत. ज्यांचे पैसे असे अडकले आहेत, त्यांनी आपली भोग्यपत्रे घेऊन सहीसाठी यावे.