मेंदूची इजा आणि घरची माणसे

मा. संपादक,


मेंदूची इजा म्हणजे हमरस्त्यावरचा अपघात आणि जंगलपट्टीत घरचे रुग्णाला सांभाळून घेतातच, हे आपल्या लेखातील म्हणणे चूक आहे. पक्षाघातानेही मेंदूलाच इजा होते. 'सर्च' या संस्थेच्या गडचिरोलीतील ८६ गावांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सातांपैकी एक मृत्यू पक्षाघाताचा होता. जे वाचतात त्यांचे सगळे बायको नाहीतर सून करते. पेज भरवताना ठसका लागू नये म्हणून ताठ बसवायचे, रात्री कूस बदलायची. तेंदूपत्त्याची मजुरी बुडते ती वेगळीच. रुग्ण चिडला, शब्द विसरला की गाव 'वेडा' म्हणून मोकळे. आशाताईंना प्रशिक्षण द्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात या घरच्यांची दरमहा बैठक घ्या, दिव्यांग प्रमाणपत्राची शिबिरे तालुक्यातच भरवा.

आपली,
एक वाचक, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)