हिंजवडीचे देणे

मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांच्या शिवारात औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेल्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा विषय निघाला की, सुविद्य मंडळींकडून एक युक्तिवाद हटकून ऐकावयास मिळतो: कंपनीचे कर्तव्य रोजगार देण्याचे, तो तिने दिला, रस्ते, पाणी आणि मलनिस्सारण यांची चिंता सरकारने वाहावी. यातील पूर्वार्ध मला मनःपूर्वक मान्य आहे. लातूरच्या किंवा अमरावतीच्या शिक्षकाच्या कन्येला स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ याच आवारांनी दिले, आणि पुण्याच्या हरवलेल्या शांततेचा सारा दोष या मुलांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तरार्ध मात्र टिकणारा नाही. जो मालक एकाच माळावर, एकाच प्रहरी, हजारो माणसांना कामास बोलावितो, त्याने नगररचनेचा निर्णय घेतलेलाच असतो, मग त्या कागदावर त्याची सही असो वा नसो. वाकड, बाणेर आणि बालेवाडी येथील शेते उंच इमारतींखाली गेली, गावठाणांतील गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि सोसायट्यांच्या दारी पाण्याचे टँकर रांगा लावू लागले, ते ज्या ओढीने, ती ओढ विकास आराखड्याची नव्हती. ती कंपन्यांच्या फाटकांची होती.

जुन्या कारखान्यांनी तरी निराळे काय केले, असे कोणी विचारील. त्याने पिंपरीचा इतिहास पाहावा. 1954 साली तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि तिच्यालगत तिच्या कामगारांची वसाहत. मागोमाग टेल्को आणि बजाज आले. 1970 मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका व 1982 मध्ये महापालिका झाली, आणि हद्दीत शिरणाऱ्या पोलादाच्या प्रत्येक पत्र्याने नाक्यावर जी जकात भरली, तिच्यातून, 2013 मध्ये ती उठेपर्यंत, त्या शहराचे रुंद रस्ते घडले. संगणकप्रणाली तारेवाटे परदेशी जाते; तिला नाका आडवा येत नाही. शिवाय निर्यातीच्या नफ्यावरील प्राप्तिकराची सूट 2011 च्या मार्चअखेरपर्यंत चालली. आणि पाव शतक लोटले तरी गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे, उद्यानातील रस्ते महामंडळाकडे, भोवतालचे नियोजन 2015 पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, तर शेजारचे वाकड महापालिकेकडे, अशी वाटणी राहिली. तुंबलेल्या नाल्याचा अर्ज कोणत्या कचेरीत द्यावा, हेच रहिवाशाला उमगेना.

कर मागितला तर उद्योग बंगळूरला किंवा हैदराबादला जातील, अशी भीती घालण्यात येते. अमेरिकेतील सिएटल शहराने 2018 मध्ये बड्या कंपन्यांवर माणशी कर बसविला आणि ॲमेझॉनसह उद्योगांच्या विरोधापुढे नमून महिन्याभरात मागे घेतला, हे खरे. परंतु त्याच शहराने 2020 मध्ये त्यांच्या मोठ्या वेतनांवर कर बसविलाच, आणि ॲमेझॉनचे मुख्यालय तेथेच राहिले. कंपनीला खिळवून ठेवते ते कुशल मनुष्यबळ, आणि ते मनुष्यबळ आज वाकडच्या पुलाखाली रोज अडकून पडते.

माझे मागणे नव्या कराचेही नाही. महाराष्ट्रात पगारदाराकडून वर्षाला 2,500 रुपयांपर्यंत व्यवसाय कर कापला जातो. 1975 साली तो बसविला तो रोजगार हमी योजनेस पैसा हवा म्हणून. म्हणजे शहरातील पगाराने दुष्काळी गावातल्या मजुराची चूल पेटवावी, हा विचार या राज्याने पूर्वीच स्वीकारलेला आहे. संविधानाचा 276 वा अनुच्छेद हा कर स्थानिक संस्थांच्या लाभासाठीही बसविण्यास मुभा देतो. तेव्हा हिंजवडी, माण व मारुंजी मिळून एक नगरपालिका स्थापावी, येथील आवारांत कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचा ठरीव हिस्सा तिच्या खजिन्यात जमा करावा, कंपन्यांनी कामाच्या वेळा आपसांत विभागून घ्याव्यात, आणि 2025 च्या जूनमध्ये ज्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचले, त्यांच्याखालचे बुजलेले ओढे त्या पालिकेने सर्वांआधी मोकळे करावेत.