पहिल्यापासूनच कशाला?

मी जन्मात कुणाशी भांडलो नाही. बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला ती चैन परवडत नाही. पण आमच्या शाखेतल्या हेड कॅशियरांशी सध्या माझा अबोला आहे, आणि त्याला कारण मारिओ.

हो, तोच. लाल टोपीचा, मिशीवाला, उड्या मारणारा प्लंबर. लहानपणी टीव्हीला डबा जोडून, कॅसेटला फुंकर मारून आम्ही गल्लीतली पोरं खेळायचो तो.

वडील गेल्यापासून आई संध्याकाळी नुसती खिडकीशी बसून असते. नात म्हणाली, आजीला मारिओ शिकवू. पण कुठला? भाग तर ढीगभर. मी जेवणाच्या सुट्टीत विषय काढला. हेड कॅशियर डब्यातलं भरीत बाजूला सारून गरजले, "पहिला! 1985चा! पाया पक्का पाहिजे!"

मी पडलो बी.कॉम. वडीलधाऱ्यांचा आकडा तपासून बघायची सवय नाही. माळ्यावरचा जुना डबा काढला. समोरून पहिलंच भूछत्र चालत आलं आणि आईचा मारिओ आडवा. तीन जीव, दोन मिनिटांत खलास. "माले नई जमत रे बापू," म्हणून तिनं कंट्रोलर खाली ठेवला. एटीएमसमोर ती हेच म्हणते, याच आवाजात.

तेव्हापासून मी पेटलोय. पहिला मारिओ थोरच. पण थोर म्हणजे सोपा नव्हे. त्यात मागं फिरता येत नाही. तीन जीव संपले की पुन्हा श्रीगणेशा. नव्या खातेदाराच्या हाती आपण पैसे भरायची स्लिप देतो, कर्जाचा करारनामा नव्हे! खुद्द कंपनीला हे कळलं होतं. 1986चा जपानी दुसरा भाग फार अवघड, म्हणून अमेरिकेत 1988 साली दुसराच एक खेळ रंगरंगोटी करून 'दुसरा भाग' म्हणून विकला.

आणि हे धुळ्यात सांगावं लागावं? 1932 साली इथल्याच तुरुंगात विनोबांनी कैद्यांना गीता सांगितली. आधी संस्कृत व्याकरण घोकून या, असं नाही म्हणाले. साध्या मराठीत, घरगुती दाखले देत बोलले. साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. त्यानं गीतेचा पाया खचला का?

शेवटी भाच्याचं स्विच यंत्र मागून आणलं. त्यात 2023चा 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'. त्यातला योशी नावाचा डायनासोर घेतला की शत्रूच्या धक्क्यानं मरण नाही.

"मग मजा काय?" हेड कॅशियर. अहो, खड्ड्यात पडलं की जीव जातोच. उडी शिकावीच लागते. फक्त येणाऱ्याजाणाऱ्याच्या धक्क्यानं माणूस मरत नाही. एवढी सोय पाचकंदिलावर संध्याकाळी झाली तरी मी धन्य होईन.

आई आता रोज खेळते. पहिला भागही खेळेल, तिला वाटेल तेव्हा. काल मी मारिओ झालो, ती योशी. या खेळात मारिओला योशीच्या पाठीवर बसता येतं. एक रुंद खड्डा आला, माझे पाय लटपटले. आई म्हणाली, "बस रे पाठीवर."

बसलो. चाळीस वर्षांनी.