खिडकीतून पाहिलेला टीव्ही

सप्टेंबर २०२१ मध्ये ओपीडीत एक बाई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. तक्रार डोकेदुखीची. "दिवसभर मोबाइल नाहीतर टीव्ही, मॅडम. डोळे गेले असणार याचे," असं निदान त्यांनी स्वतःच करून टाकलं होतं. ताप नव्हता, उलट्या नव्हत्या, तपासणीत काही काळजीचं दिसलं नाही. मी त्याला डोळ्यांच्या विभागात पाठवलं. दहा मिनिटांत आमचे नेत्रचिकित्सा अधिकारी स्वतः दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, जरा येता का?"

भिंतीवर मराठी अक्षरांचा तक्ता होता. मुलगा सर्वांत वरच्या, तळहाताएवढ्या अक्षराकडे बघून गप्प उभा होता. इतकी नजर कमी असेल तर तो चालत आत आला कसा? मग अधिकाऱ्यांनी दुसरा तक्ता लावला. इंग्रजी 'ई' चारी दिशांना फिरवलेला असतो, आणि त्याचे दांडे कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं असतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी हा तक्ता असतो. आमच्याकडे तो बहुतेक सत्तरीच्या आजी-आजोबांना दाखवला जातो. मुलानं शेवटच्या ओळीपर्यंत एकही चूक केली नाही. नजर उत्तम होती. त्याला अक्षरं येत नव्हती.

तो तिसरीत होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा पहिलीत होता. "तेव्हा वाचायचा हो," आई म्हणाली. "पाटीवर नाव पण लिहायचा." मधल्या दीड वर्षात तो टीव्हीवर पाहून शिकत होता, असं कागदोपत्री म्हणता येईल.

टीव्हीवर माझा राग नाही. उलट मी टीव्हीचीच मुलगी आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. २ ऑक्टोबर २०२१ ला त्यानं पन्नासाव्या वर्षात पाऊल ठेवलं. ते सुरू झालं तेव्हा मी चार वर्षांची होते. आमच्या गिरगावातल्या चाळीत पहिला टीव्ही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आला. लाकडी शटरचा, काळा-पांढरा. रविवारी संध्याकाळी सिनेमाच्या वेळी त्या दहा बाय बाराच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं बसायची, आणि त्यात पोरं पुढे, अगदी काचेला नाक लावून. पडद्यावर मुंग्या आल्या की कुणीतरी गच्चीवर धावायचं आणि अँटेना फिरवत "आलं का?" म्हणून ओरडायचं. आज तो देखावा डोळ्यांपुढे आणला की आधी मनात येतं ते वायुविजन. खिडक्या बंद, दारात पडदा, तीस माणसं, तीन तास! कोविडच्या विषाणूला याहून बरी जागा सापडली नसती.

१९७७ मध्ये, मी तिसरीत असताना, मला कांजिण्या झाल्या. फोडांच्या खपल्या पडेपर्यंत कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असा आजीचा हुकूम होता. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात कांजिण्यांचं प्रकरण वाचताना आजीचा नियम पुस्तकाशी जुळलेला पाहून गंमत वाटली होती. पण तेव्हा 'किलबिल' चुकणार म्हणून मी इतकी रडले, की शेवटी तडजोड झाली. गॅलरीत, काकूंच्या खिडकीबाहेर स्टूल ठेवून मला बसवलं. मला पडदा पूर्ण दिसत होता. आवाजही बऱ्यापैकी येत होता. आत पोरं खदाखदा हसत होती, आणि ती का हसत आहेत ते मला कळत नव्हतं. कारण कुणीतरी मध्येच काहीतरी बोलायचं, कुणी नक्कल करायचं, काकू एखादा शब्द समजावून सांगायच्या. तो सगळा कार्यक्रम खोलीत चालू होता, पडद्यावर त्यातला निम्माच होता.

खिडकीतून पाहिलेलं ते 'किलबिल' मला त्या दीड वर्षात सारखं आठवत होतं.

मूल पडद्यावरून किती शिकतं यावर पुष्कळ संशोधन झालं आहे. त्यातला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. पॅट्रिशिया कूल या संशोधिकेनं अमेरिकेत इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस बसून खेळत, गोष्टी सांगत होतं. इतर बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, ध्वनिचित्रफितीवर किंवा नुसत्या आवाजात ऐकवलं. बारा सत्रांनंतर पहिल्या गटातल्या बाळांना चिनी ध्वनींमधला बारीक फरक ओळखता येऊ लागला. ज्यांनी फक्त फीत पाहिली किंवा ऐकली, त्यांच्यावर काहीच परिणाम दिसला नाही. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ आणि तिसरीतलं मूल यांत फरक आहे हे मान्य. मोठं मूल पडद्यावरून शिकतं, चांगल्या कार्यक्रमातून बरंच शिकतं. पण जितकं मूल लहान, तितकी शेजारी बसलेल्या माणसाची गरज जास्त.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे माहीत होतं. १९७५-७६ मध्ये 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण त्यातल्या मुलांच्या कार्यक्रमांच्या कामात पुढाकार होता तो विजया मुळे यांचा. माझ्या पिढीनं दूरदर्शनवर असंख्य वेळा पाहिलेला, जाळ्यासकट उडून जाणाऱ्या चिमण्यांचा तो चित्रपट १९७४ मध्ये त्यांनीच केला. साइटचे संच गावातल्या सामाईक जागी, बऱ्याचदा शाळेतच असत. मुलं सकाळी एकत्र बसून पाहत आणि गुरुजीही सोबत असत. गुरुजींना घरी बसवून त्यांच्या जागी टीव्ही ठेवावा, असा विचार त्यात नव्हता. आणि तो चिमण्यांचा चित्रपट तरी काय आहे? धाकटी भावंडं प्रश्न विचारत राहतात आणि ताई उत्तरं देत राहते.

जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, पहिली ते आठवीसाठी. मी काही भाग पाहिले, आणि ते मनापासून, मुलांचा विचार करून केलेले होते. (पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून शैक्षणिक कार्यक्रम करत होती. ती आपण २०१७ मध्ये बंद करून टाकली, आणि तीनच वर्षांत तिची सर्वांत जास्त गरज पडली. असो.) पण ज्या घरात आई-बाप दोघं मजुरीला जायचे, तिथे टिलीमिली लागायचं तेव्हा शेजारी कोण असायचं? सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांच्या 'स्कूल' पाहणीत पंधरा राज्यांतल्या गरीब वस्त्यांमधली मुलं होती, महाराष्ट्रातलीही. खेड्यांमधली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के मुलं काहीच शिकत नव्हती. माझ्या ओपीडीतला मुलगा त्या ३७ टक्क्यांमधला.

४ ऑक्टोबर २०२१ पासून शाळा उघडणार होत्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरात आठवी ते बारावी. पहिली ते चौथीचं तेव्हा काही नव्हतं. धार्मिक स्थळं ७ ऑक्टोबरला उघडणार होती आणि चित्रपटगृहं २२ ला. मोठ्यांनी पडदा बघायला घराबाहेर पडायचं आणि धाकट्यांनी पडद्यावर शाळा बघत घरात बसायचं, असा तो क्रम होता.

मला तो उलटा वाटला. जुलै २०२१ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या चौथ्या सिरो सर्वेक्षणात ६ ते ९ वयोगटातल्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं आढळली. या वयाला तेव्हा लस नव्हती, म्हणजे ही प्रतिपिंडं संसर्गाचीच. प्राथमिक शाळा बंद असताना निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत विषाणू पोचला, तो बाजारातून, कामावरून, लग्नातून परतलेल्या मोठ्या माणसांबरोबर. आयसीएमआरच्या महासंचालकांनी त्याच वेळी सुचवलं होतं, की शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून उघडा. डेन्मार्कनं एप्रिल २०२० मध्ये लहानांचेच वर्ग आधी उघडले होते. लहानांना गंभीर आजार होण्याचं प्रमाण कमी, आणि घरी बसून शिकण्याची त्यांची क्षमताही सर्वांत कमी, असा तो साधा हिशेब होता.

ऑगस्ट २०२१ मध्ये शाळा उघडण्याचा निर्णय मागे घेतला गेला, तेव्हा डॉक्टरांवर बरीच टीका झाली. त्या डॉक्टरांची भीती मला समजते. एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या एका खाटेसाठी चार नातेवाईक माझ्यासमोर हात जोडून उभे होते, आणि ते विसरून कुणी सल्ला देऊ शकत नाही. कोविड होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी दाह होऊन आलेली मुलं आमच्या बालरोग विभागानंही पाहिली आहेत. दुर्मीळ आहे, पण आहे. आणि मी स्वतः काय केलं? जानेवारी २०२१ मध्ये पाचवीपासून वरचे वर्ग सुरू झाले तेव्हा आमच्या भागातल्या काही शिक्षकांनी विचारलं होतं, धाकट्यांना अंगणात, झाडाखाली, थोडं थोडं बोलावलं तर? मी "थांबा" म्हटलं. फ्लूच्या साथीत शाळकरी मुलं आजार घरोघर नेतात, हे आम्ही शिकलो होतो आणि तोच नियम मी या आजाराला लावला. तेव्हा ते चूक वाटलं नाही. जुलैतले आकडे आल्यावर मत बदलायला हवं होतं, आणि ते मी मोठ्यानं बोलायला हवं होतं.

शाळेबरोबर आणखी बरंच बंद झालं, हे सरकारी रुग्णालयात बसलं की दिसायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत जाऊन मुलं तपासतात. हृदयातला आवाज, कमी ऐकू येणं, खरी कमी नजर, सगळं तिथे सापडतं. ती मुलं तेव्हा आमच्याकडे उशिरा यायची, नाहीतर यायचीच नाहीत. जंताच्या आणि लोहाच्या गोळ्या शाळेत मिळायच्या, शिजवलेलं गरम जेवण मिळायचं. शाळा बंद असताना तांदूळ आणि कडधान्य घरी मिळत होतं आणि घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाटलं जात होतं. तेही बरोबरच आहे म्हणा, भूक सगळ्यांनाच असते.

शिक्षकांचं लसीकरण, सताड उघड्या खिडक्या, तोंडावर मास्क, जमेल तिथे उघड्यावर वर्ग. एखाद्या वर्गात रुग्ण सापडला तर तो वर्ग काही दिवस बंद, सबंध जिल्हा नव्हे. यासाठी फार पैसे लागत नाहीत. खेड्यातल्या चौथीपर्यंतच्या कितीतरी शाळांत वीस-पंचवीस मुलं असतात, म्हणजे काकूंच्या खोलीपेक्षा कमी.

कांजिण्यांनंतर मी शाळेत गेले तेव्हा भागाकार सुरू होऊन गेला होता. बाईंनी आठवडाभर मधल्या सुट्टीत मला शेजारी बसवून तो शिकवला. माझे फक्त पंधरा दिवस बुडाले होते.

त्या मुलाला मी चष्मा दिला नाही, औषधही दिलं नाही. त्याची मोठी बहीण सहावीत होती, ४ ऑक्टोबरपासून तिची शाळा सुरू होणार होती. तिलाच बोलावून सांगितलं, संध्याकाळी टीव्ही लाव, पण त्याच्या शेजारी बस, आणि रोज पाच अक्षरं पाटीवर. ती हसली. "आणि याची शाळा कधी?" तिनं विचारलं. मला सांगता आलं नाही. केसपेपरवर एक महिन्यानंतरची तारीख घातली आहे. फेरतपासणीला अक्षरांचाच तक्ता लावायचा, असं खाली लिहून ठेवलंय.