पुंडीचा वाख

उन्हाळ्याच्या सुट्टीत वडोदऱ्याला आत्याकडे गेलो होतो. तिची नात तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्रशास्त्र शिकते. तिने अभ्यासासाठी आणलेला कापडाचा एक तुकडा आजीच्या हातात दिला आणि सहज म्हणाली, "आजी, हे गांजाच्या झाडाचं कापड." आत्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "अगं, देवाच्या खोलीत काय आणलंस हे!"

नात हसली, पण आत्याची भीती अगदीच खोटी नव्हती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हे झाड परवान्याशिवाय लावणे गुन्हा आहे. मात्र कायद्याच्या भाषेत गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोरे. खोडाचा धागा आणि बी यांसाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय त्याच कायद्यात आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये देशात पहिल्यांदा तशी परवानगी दिली. या खोडापासून कापड, दोर आणि कागद होतो, बियांचे तेल निघते आणि आतल्या गाभ्याचे तुकडे चुन्यात कालवून भिंतीही बांधतात.

हे ज्ञान परदेशातून आलेले नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांग मिसळल्याचे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई या अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडले. त्यामुळेच तो गिलावा किडीपासून वाचला, असे त्यांचे म्हणणे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथल्या चित्रांना किड्यांनी बरेच खाल्ले आहे.

हे ऐकून आत्याने तो तुकडा पुन्हा घेतला, चिमटीत चोळला आणि माहेरच्या कानडीत म्हणाली, "पुंडी नार इद्दंग ऐति!" अंबाडीच्या वाखासारखेच आहे की!

आत्याचे फारसे चुकले नव्हते. इंग्रजीत अंबाडीला 'डेक्कन हेम्प' आणि तागाला 'सन हेम्प' म्हणतात. तिन्ही झाडांची कुळे वेगळी. अंबाडी भेंडीची बहीण, ताग शेंगवर्गातला. पण धागा तिघांच्याही सालीतच असतो. ताग फुलावर येताच जमिनीत गाडला, तर नत्राचे खत होते. त्याला गुजरातीत शण म्हणतात, कानडीत सेणबु. दोन्ही शब्द संस्कृत 'शण'चेच.

भांगेच्या शेतीला परवाना लागतो. अंबाडीला आणि तागाला लागत नाही. तरी आपल्या बांधावरून अंबाडी गेली कशी? पुंडीची भाजी आपण अजून चवीने खातो. पण बेंदराला, कारहुण्णिमेला बैलाच्या गळ्यात नायलॉनचे दावे बांधतो. ते मानेला काचते, आणि तुटले की वर्षानुवर्षे मातीत तसेच पडून राहते. वाखाचे दावे उकिरड्यात कुजून पुन्हा शेतातच जायचे.

बियाणे अजून मिळेल. वाख काढणारे आणि दोर वळणारे हात मात्र म्हातारे झाले आहेत. म्हणून परत आल्यावर मी आत्याला फोन केला, "अंबाडी कधी कापायची?"

"फुलं धरली की काप. पेंढ्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेव. वास सुटेल, नाक मुरडू नकोस. साल आपोआप सुटते."

मी वहीत लिहून घेतले. तुमच्या घरी असे विचारता येईल असे कोणी असेल, तर या पावसाळ्याआधी विचारून ठेवा.